उशिरा येणारा सूर

"बोटं काठालाच लावायची हं, पोरींनो. आणि वाजवायची ती जपून. ही तबकडी मऊ असते. सुई दर वेळी थोडं थोडं घेऊन जाते."

तबकडी कोरून देणाऱ्या म्हाताऱ्याचा तो घोगरा आवाज ताईच्या कानात अजून जसाच्या तसा होता. त्याच्या अरुंद दुकानात दोघी बहिणी खांद्याला खांदा लावून उभ्या होत्या. फिरणाऱ्या काळ्या चकतीवरून केसासारखी बारीक कातण सुटत होती, आणि ताईने रात्री जागून रचलेलं गाणं त्या कातणाच्या जागी उतरत होतं. म्हाताऱ्याचं बोलणं ऐकून ताईला हसूच आलं होतं. सुई थोडं घेऊन जाते तर जाऊ दे की, गाण्यांना काय तोटा होता तिच्याकडे!

तोटा पुढे पडला. वडील अंथरुणाला खिळले, त्यांची लॉन्ड्री ताईच्या गळ्यात आली. दिवसभर वाफेत उभं राहून रात्री गाणी रचायला अंगात त्राण राहीना. शेवटी एका रविवारी तिने ज्यावर गाणी रचायची त्या संगणकातलं सगळं स्वतःच्या हातांनी पुसलं आणि तो देऊन टाकला. अर्धवट राहिलेली गाणी रोज डोळ्यांसमोर नाचण्यापेक्षा ती नसलेली बरी, असं तिला वाटलं. उरलं ते त्या एका तबकडीवरचं एक गाणं. त्याची नक्कल नव्हती, कारण ताईनेच ती नको म्हटलं होतं. डबस्टेप, म्हणजे खोल, घुमणाऱ्या बेसचं संथ संगीत, वाजवणाऱ्यांच्या त्या मंडळींत तशी रीतच होती: खास गाणं एकाच तबकडीवर कोरायचं, एकाच डीजेच्या हाती सोपवायचं, ज्याला ऐकायचं त्याने तिथे येऊन ऐकायचं. तबकडी डीजे झालेल्या धाकटीच्या हातात ठेवताना ताईने तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं, "नक्कल काढायची नाही. संपेल तेव्हा संपेल." धाकटीने मान डोलावली होती. आणि धाकटीची मान एकदा डोलली, की ती काळ्या दगडावरची रेघ.

त्यानंतर ताई तिचं वाजवणं ऐकायला कधी गेली नाही. बोलावणी आली, तिने कामं काढली. दोघींचं येणंजाणं होतं, हसणंखिदळणं होतं, फक्त त्या एका विषयाला दोघी वळसा घालून जात.

म्हणून एके दिवशी धाकटी लॉन्ड्रीत आली, गठ्ठ्यांतून वाट काढत थेट इस्त्रीच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि तिने सरळ त्याच विषयाला हात घातला, तेव्हा ताई जरा गडबडलीच.

"शनिवारी ये."

"कुठे?"

"खाली." तळघरातल्या त्या क्लबला ती मंडळी नुसतं 'खाली' म्हणत.

"शनिवारी हॉटेलच्या चादरी असतात."

"एक रात्र चुरगळलेल्या चादरीवर झोपून कुणी मेलेलं नाही."

"तुझं बरंय. तुझ्या गिऱ्हाइकाला अंधारात काही दिसत नाही. माझं दिव्याखाली धरून बघतं."

मशीनमधून ओले टॉवेल उपसता उपसता ताईचा नवरा म्हणाला, "जा की. चादरी मी दाबतो."

"तुम्ही दाबलेल्या चादरी मला परत दाबाव्या लागतात."

"बघा दाजी," धाकटी म्हणाली, "कौतुक म्हणून नाहीच."

"सवय आहे," दाजी टॉवेलांच्या ढिगाआडून म्हणाले.

धाकटी हसली, पण ते हसू फार वेळ टिकलं नाही. टेबलावरची घडी केलेली उशीची खोळ तिने उचलली, परत ठेवली.

"ताई, तुझी तबकडी संपत आलीय. वरचे सूर केव्हाच झिजले. आता खालचा बेसही करकरायला लागलाय. शनिवारी लावते. पुन्हा लावता येईल असं वाटत नाही."

ताईने ती खोळ घेतली, उलगडली, परत घडी घातली. घडी वाकडी पडली.

"संपू दे," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच कोरडा लागला. "तसंच ठरलं होतं."

"ठरलं होतं ना? मग संपताना तरी ये."

एवढं बोलून ती गेली. ताईने ती खोळ पुन्हा उलगडली आणि इस्त्री हातात घेतली. गाणं संपलं तर आपलं काय जाणार आहे, असं तिने मनाला विचारून पाहिलं.

शनिवारी ती गेली. धुतलेली साधी साडी, पायांत कामावरच्याच चपला. चपलांच्या गोदामामागे एक लोखंडी दार होतं, आणि दारापाशी स्टुलावर बसलेली, नाकात बारीक वाळी घातलेली एक मुलगी.

"काकू, मुलाला न्यायला आलात? कसा दिसतो सांगा, वर पाठवते."

"मुलाला नाही गं. बहिणीला ऐकायला आले."

"कोण बहीण?"

ताईने दारावर चिकटवलेल्या कागदातल्या सगळ्यांत मोठ्या नावावर बोट ठेवलं. मुलगी स्टुलावरून उठली.

"म्हणजे तुम्ही ताई? 'ताईचं'वाल्या ताई?"

"काय 'ताईचं'?"

"अहो, ते गाणं! सगळे त्याला 'ताईचं'च म्हणतात. मला वाटायचं, ताई म्हणजे कुणीतरी..." तिने घाईघाईने एका वाडग्यातले फोमचे दोन बोळे ताईच्या हातात ठेवले. "हे कानात घाला. खाली लय जोरात असतं. आणि भिंतीला टेकू नका, भिंत चावते."

जिना उतरताना भिंत चावते म्हणजे काय ते ताईला कळलं. कठड्यावर ठेवलेल्या हाताला मुंग्या येत होत्या. आवाज अजून कानांपर्यंत नीट पोचलाही नव्हता, आणि तो हातातून वर चढत होता. खालची खोली लांबट, छत बुटकं, छताला कापड गुंडाळलेले पाइप. भिंती काळ्या रंगवलेल्या. दोन्ही कोपऱ्यांत कपाटाएवढे बेसचे स्पीकर एकावर एक रचलेले. दिवा म्हणावा असा एकच, तांबडा, तोही टेबलावर. माणसं दाटीने उभी. पण धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. सगळ्यांच्या माना एकाच संथ लयीत खालीवर होत होत्या, जणू सगळ्यांना एकच गोष्ट पटत होती.

ताई मागच्या खांबाशी उभी राहिली. तिथून टेबल दिसत होतं.

तबकड्या फिरवणारी दोन टर्नटेबलं एका जाड दगडी फरशीवर मांडली होती, खोली थरथरली तरी सुई हलू नये म्हणून. बाजूला आवाज एकात एक मिसळायचा मिक्सर, आणि डाव्या हाताशी हातभर लांबीचा एक कीबोर्ड. टेबलामागे धाकटी. घरी आली की जिला चहात साखर किती घातली हे दोनदा विचारावं लागतं, ती वेंधळी धाकटी ही नव्हे. केस मागे घट्ट बांधलेले, हेडफोन एका कानावर, दुसरा कान खोलीला दिलेला. हालचाल एकही वायफळ नाही. तबकडी काठाने उचलायची, मऊ ब्रशने तिच्यावरची धूळ काढायची, सुई ठेवायची ती अशी, जसं निजलेल्या बाळाच्या अंगावर पांघरूण घालावं.

आणि तिला थांबता येत होतं. ताईला आधी भिडलं ते हेच. जोरात वाजवणं कुणालाही जमतं. धाकटी एक खोल सूर सोडायची आणि त्याच्यानंतर जागा मोकळी ठेवायची. त्या मोकळ्या जागेत सगळी खोली श्वास धरून उभी राहायची. मग दूरवर टाळी वाजावी तसा एक ठोका. पुन्हा काही नाही. लोकांना वाटावं, आता येणार; ती आणखी थोडं ताणायची. आणि कुणी 'आता' म्हणायचं सोडून दिलं, की नेमका तेव्हा खालून बेस यायचा. तो कानांत शिरत नव्हता. पायांच्या तळव्यांतून पोटात, पोटातून छातीत, आणि छातीच्या फासळ्या आतून कुणीतरी हलक्या हाताने वाजवाव्यात तसा. ताईच्या गळ्यातलं साखळीचं पदक थरथरत होतं. तिने ते मुठीत धरलं आणि मग सोडून दिलं. थरथरू दे.

एका गाण्यात दुसरं गाणं ती केव्हा मिसळत होती, ते ताईलासुद्धा कळत नव्हतं. ताईला! जिने धाकटीचा हात धरून तिला पहिल्यांदा दोन तबकड्यांचे ठोके जुळवायला शिकवलं होतं, आणि जी तेव्हा वैतागून म्हणाली होती, "तुझ्या हातात मुंग्या भरल्यात का गं?" त्या हातांत आता केवढा ठहराव आला होता. हा ठहराव कुणी देत नाही. धाकटी रोज पहाटे उठून सराव करते, तापातही करते, हे ताईला ठाऊक होतं. त्यावर ती थट्टाही करायची. आज तो नेम तिच्या डोळ्यांसमोर उभा होता, आणि थट्टा केल्याची तिला लाज वाटली. मनातल्या मनात तिने त्या हातांना नमस्कार केला.

"मंडळी!" माइक धरलेला ढेरपोट्या गडी गरजला. त्याला सगळे बडबड्या म्हणत. "जिवंत आहात ना? कुणी खाली पडलंय का? पडलं असेल तर पडू द्या, फरशीवर बेस जास्त चांगला लागतो!"

हशा पिकला. मागून कुणीतरी ओरडलं, "ताईचं लाव!"

"ताईचं! ताईचं!" आवाज पसरत गेला.

ताईचा हात खांबावर घट्ट झाला. इतकी माणसं, ओळख ना पाळख, तिला हाका मारत होती आणि त्यांना ती कुठे उभी आहे हे माहीत नव्हतं.

धाकटीने खालून एक साधं पांढरं पाकीट काढलं. त्यातली तबकडी तिने दिव्यापुढे क्षणभर धरली. काळी चकाकी कधीच गेली होती. वापरून वापरून ती तव्यासारखी मंद झाली होती. सुई खाली आली.

पहिली नुसती खरखर आली. मग तिचा बेस आला. तिचाच तो, संथ, जड, एका लयीत फुगणारा आणि ओसरणारा. कडा थोड्या चुरल्या होत्या, पण चाल ओळखू येत होती. ताईचे ओठ आपोआप हलायला लागले. आता चार ठोके, मग टाळी, मग पुन्हा चार, आणि मग वरची ती बारीक ओळ, काचेच्या पेल्याला चमचा लागावा तशी. ती ओळ आता येणार नव्हती. वरचे सूर झिजले म्हणून धाकटीने सांगितलंच होतं. तिथे नुसतं भोक पडलेलं ऐकायची ताईने तयारी केली आणि डोळे मिटले.

ओळ आली.

ताईने डोळे उघडले. ओळ येत होती, स्वच्छ, काचेसारखी. आणि ती तबकडीवरची नव्हती. धाकटीचा डावा हात त्या कीबोर्डवर होता. उजवा मिक्सरवर, डावा कळांवर, डोळे मिटलेले. तबकडीने जे जे गमावलं होतं ते ती दर ठोक्याला बोटांनी भरून काढत होती. रफू करणारी बाई विरलेल्या कापडाचाच धागा ओढून भोक विणून काढते ना, तसं.

पण ओळ तंतोतंत ताईची नव्हती. चढत जाणाऱ्या पाच सुरांतला चौथा सूर ठोक्यावर पडत नव्हता. तो मागे राहायचा. सगळे पुढे निघून गेल्यावर दारात घुटमळणाऱ्या पाहुण्यासारखा, अगदी एक श्वासभर उशिरा यायचा.

हे मी केलं नव्हतं, ताईच्या मनात पहिलं हेच आलं, आणि ते रागानेच आलं. माझ्या गाण्यात हात घालायला हिला कुणी सांगितलं? दुसऱ्यांदा तो सूर उशिरा आला, तेव्हा राग जरा मागे सरला. तिसऱ्यांदा आला, तेव्हा ताईला आठवलं. त्या ओळीत काहीतरी कमी आहे म्हणून तिने किती रात्री उलटसुलट करून पाहिलं होतं. सूर बदलून पाहिला, वाढवून पाहिला. शेवटी कंटाळून तसंच कोरायला दिलं होतं. फक्त थांबून पाहायचं तिला सुचलं नव्हतं.

गाणं टिपेला पोचलं आणि भिंती वाजायला लागल्या. लोक तळहातांनी भिंती, खांब, पाइप, जे हाताला लागेल ते बडवत होते. "परत! परत!"

ही त्या मंडळींची रीत होती. गाणं जिवाला भिडलं की भिंती वाजवायच्या. मग डीजेने तबकडी हाताने उलटी फिरवून गाणं पहिल्यापासून लावायचं. मान मोठा, आणि तो नाकारायचा नसतो. धाकटीने तबकडीवर बोट ठेवलं. गाणं घरंगळून थांबलं. खोलीत आरोळी उठली.

पण तबकडी उलटी फिरली नाही. धाकटी तशीच उभी होती, बोट काठावर, आणि गर्दीतून काहीतरी शोधत होती. तिची नजर खांबाशी येऊन थांबली. ताईला कळलं, ती विचारतेय. पुन्हा लावलं तर हे उरलंसुरलंही जाईल. सुरात सूर मिळवायला निदान खालचा बेस तरी आहे, तोही जाईल. ठेवू का गं? का जाऊ दे?

बडबड्याही बडबडायचा थांबला होता.

ताईने फोमचे बोळे कानांतून काढले. खांबावरचा हात उचलला आणि इस्त्री दाबताना लावते तसा सगळा भार देऊन तिने खांब बडवला.

"परत!" ती ओरडली. इतक्या मोठ्याने ती कधी ओरडली होती, तिला आठवेना. शेजारच्या पोराने दचकून तिच्याकडे पाहिलं आणि मग तोही जोर लावून बडवू लागला.

धाकटी हसली. तबकडी उलटी गरगरली, सुई पुन्हा काठावर आली.

या खेपेला बेस निम्म्यापर्यंतच टिकला. मग करकर वाढली, सूर तुटू लागला, आणि एका ठोक्यावर तबकडीने नुसता आवंढा गिळल्यासारखा आवाज केला. धाकटीचा उजवा हात मिक्सरवरून निघाला, तबकडीचा आवाज हळूच मिटला आणि तो हातही कीबोर्डवर उतरला. आता डाव्या हातात बेस, उजव्या हातात काचेची ओळ. फुगणारी, ओसरणारी, संथ, जड. कुठेही सांधा दिसला नाही. तबकडी मुकी होऊन नुसती फिरत होती, आणि गाणं पुढे चाललं होतं. चौथा सूर श्वासभर उशिरा येत होता. खोलीतल्या माना डोलत होत्या. गाणं कुठे संपलं आणि कुठे उरलं, हे तिथे फक्त दोघींना ठाऊक होतं. ताईचे डोळे भरून आले, आणि अंधार असल्यामुळे तिने ते पुसले नाहीत.

वाजवणं आटोपल्यावर दोघी जिन्याच्या मधल्या पायरीवर बसल्या. धाकटी घामाने निथळत होती. ताईने पदराने तिचं कपाळ टिपलं.

"रागावलीस?" धाकटीने विचारलं.

"आधी. मग नाही."

"नक्कल नाही काढली हं मी. मान डोलावली होती."

"पाहिलं ना." ताईने पदर सावरला. "तो चौथा सूर. तो उशिरा का येतो?"

धाकटीने जीभ चावली. "तो बडबड्याचा प्रताप. एकदा आनंदाच्या भरात मिठी मारायला आला आणि त्याची अंगठी घासली तबकडीवर. ओरखडा पडला. सुई तिथे अडायची, मग पुढे जायची. मी पण तिथे अडायला लागले, तिला एकटं वाटू नये म्हणून. तेव्हापासून तो बिचारा अंगठी घालत नाही."

ताई हसायला लागली. इतकी हसली, की वरून नाकात वाळी घातलेली मुलगी डोकावून गेली.

"हसतेस काय?"

"अगं, त्या ओळीसाठी मी डोकं फोडून घेतलं होतं. आणि ती कशाने पुरी झाली तर त्या ढेरपोट्याच्या अंगठीने!" मग तिने बहिणीचा हात आपल्या हातात घेतला. बोटांच्या टोकांना घट्टे पडले होते. "मला शिकवशील?"

"काय?"

"ते. आत्ता वाजवलंस ते."

"तुला? तुझंच गाणं मी तुला शिकवू?"

"माझं त्या तबकडीवर होतं, ते संपलं. हे तुझ्या हातात आहे. तुझ्या एकटीच्याच हातात का राहावं? उद्या तुझ्याही बोटांना काही झालं तर?"

"शुभ बोल की!" धाकटीने तिच्या दंडाला चिमटा काढला. मग हळूच, "तुझ्या बोटांना इस्त्रीची सवय आहे. जड पडतील. चुकशील, चिडशील."

"चिडेन. तू रागव. मी तुला कमी का रागावले होते?"

"उद्या दुपारी ये. जेवण झालं की. आणि उद्याचं परवावर ढकलायचं नाही, ताई."

"येते."

"शब्द?"

"शब्द."

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉन्ड्रीत मशीनं घरघरत होती आणि हॉटेलच्या चादरींचा डोंगर तसाच होता. ताईने हात धुतले, बोटं एकेक करून कोरडी केली, इस्त्रीचं बटण बंद केलं. तिच्या नवऱ्याने डोंगराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"यांचं काय?"

"तुम्ही दाबा."

"आणि परत कोण दाबणार?"

"कुणी नाही. तशाच जाऊ देत."

तो काहीतरी बोलणार होता. तिच्या तोंडाकडे पाहून त्याने पहिली चादर उचलली. ताईने नखं बारीक कापली आहेत ना, ते एकदा पाहून घेतलं, चपला पायांत सरकवल्या, आणि कुणाची वाट न पाहता उन्हातून बहिणीच्या घराकडे चालू लागली.